ग्रामपंचायतीचा खर्च तपासायचाय? आधी एकच काम धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावची लोकसंख्या साडेतीन हजार. पाच वर्षं वित्त आयोगाचा पैसा येतोय, लोक घरपट्टी-पाणीपट्टीही भरतात. दिसायला मात्र एक स्वागत कमान आणि गंजलेली ओपन जिम, बस्स. प्रश्नकर्त्याला माहिती अधिकारात दहा वर्षांचा सगळा हिशोब मागवायचा आहे. अर्ज कसा करू, आणि माहिती मिळाल्यावर पुढं काय, असं त्यांनी विचारलंय.

मी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागात 26 वर्षं काढली. ग्रामपंचायतींची दप्तरं बघणं हाच धंदा होता. त्यामुळं उत्तर जरा लांबणार आहे.

सगळ्यात आधी, दहा वर्षांचा हिशोब मागू नका. तुमचा हक्क नाही म्हणून नव्हे, तुमचा घात होईल म्हणून. पानाला 2 रुपये धरले तर चार हजार पानांचे 8,000 रुपये भरा असं पत्र येईल. ते भरलेत तर पोतंभर झेरॉक्स घरात येऊन पडेल आणि दिवाळीपर्यंत तुम्ही कंटाळाल. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7(9) चा आधार घेऊन 'साधनसामग्री अवाजवी प्रमाणात खर्ची पडेल, तेव्हा येऊन बघा' असं उत्तर देता येतं. वर महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आतला हवा. 'सन अमुकपासून आजपर्यंत सर्व कागदपत्रे' असा अर्ज आला की ग्रामसेवक निर्धास्त होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'फलाण्या घरापासून फलाण्या घरापर्यंतच्या रस्त्याची मोजमाप वही' असा अर्ज आला की तो त्याच दिवशी पंचायत समितीत फोन लावतो.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. तुम्ही चोरी शोधायला निघालात, पण गावाचा जास्त पैसा उधळपट्टीत जातो, आणि उधळपट्टीचा कागद बहुतेक वेळा स्वच्छ असतो. कमानीचंच घ्या. ठराव आहे, एस्टिमेट आहे, तांत्रिक मान्यता आहे, कोटेशनं आहेत, एमबी (मोजमाप वही) लिहिली आहे, बिल चेकनं दिलं आहे. माझ्यासारखा लेखापरीक्षक त्यावर फार तर 'खर्चाचे औचित्य दिसून येत नाही' एवढी एक ओळ लिहू शकतो, आणि त्या ओळीनं आजवर एकही कमान पडलेली नाही. कमान अडवायची जागा ऑडिट नाही, ग्रामसभा आहे, आणि तीही बिल निघायच्या वर्षभर आधीची. त्याकडे नंतर येतो.

कमान कोणत्या हेडमधून, म्हणजे कोणत्या खर्चाच्या खात्यातून बांधली, एवढं मात्र आधी बघा. 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगाचं जे अनुदान होतं, त्यातलं 60 टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यासाठीच. उरलेलं 40 टक्के अबंधित, तेही पगार आणि आस्थापना खर्चाला वापरायचं नाही. बंधित पैशातून कमान किंवा जिम झाली असेल तर विषय आवडीनिवडीचा राहत नाही, तो सरळ आक्षेप होतो. हे बघायला अर्जही लागत नाही. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ 2020 पासून सुरू आहे. त्यावर जिल्हा, तालुका, गाव निवडत गेलात की मंजूर आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातून झालेली देयकं बऱ्यापैकी दिसतात. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पैशाचं मात्र दप्तरातलं कॅशबुक, म्हणजे नमुना 5, उघडल्याशिवाय खरं चित्र कळत नाही. आणि खरं सांगू का, किरकोळ खरेदीची गंमत तिथंच असते.

आता एक काम धरा. शक्यतो रस्ता धरा, कारण तो पळून जात नाही.

समजा 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद काँक्रीट रस्ता, एस्टिमेटमध्ये जाडी 15 सेंटिमीटर. गुणाकार केला की 45 घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्षात जाडी 10 सेंटिमीटर असेल तर झाले 30 घनमीटर. वरून रस्ता तेवढाच लांब, तेवढाच रुंद, तेवढाच गुळगुळीत, आणि एक तृतीयांश माल गायब. एम-20 काँक्रीटला घनमीटरला सुमारे 8 पोती सिमेंट धरतात, म्हणजे 120 पोती सिमेंट रस्त्यात गेलंच नाही. जाडी बघायला रस्ता फोडायची गरज नसते. जिथं नळाच्या लाइनसाठी कोणीतरी खोदलेलं असतं, किंवा जिथं काँक्रीट संपून मुरूम लागतो, तिथं कडेला टेप लावा. एका ठिकाणच्या मापावर बोंब मारू नका, चार-पाच ठिकाणी घ्या, फोटोत टेपचे आकडे दिसू द्या. कडेला काँक्रीट मुद्दाम जाड दाखवण्याची युक्ती आहे, तशीच कडेला ते नैसर्गिकरीत्या पातळ होण्याचीही शक्यता आहे. शंका पक्की झाली की कोअर टेस्टची, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून तपासण्याची, मागणी लेखी करा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही 'माहितीच्या अधिकारा'तच येतं. लोक नुसत्या झेरॉक्सवर थांबतात.

मग त्या कामाची फाइल. त्यात रकमेच्या आधी तारखा बघा. क्रम असा असायला हवा: ठराव, एस्टिमेट व तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा कोटेशन, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक, शेवटी पैसे. एका कोऱ्या कागदावर या सगळ्या तारखा एकाखाली एक लिहा. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं आणि त्यानंतर मला दुसरी विद्या फारशी लागली नाही. एका गावात गटाराचं मोजमाप 18 तारखेचं आणि कार्यारंभ आदेश त्याच महिन्याच्या 26 तारखेचा होता. विचारलं तर 'लिहिताना चूक झाली'. चूक झाली असेलही. पण मग 18 तारखेला जे मोजलं ते गटार कोणाच्या पैशातून, कधी बांधलेलं होतं? ते आधीच्या वर्षी दुसऱ्या योजनेतून झालेलं निघालं. एकच गटार, दोन बिलं.

कोटेशनं तीन असतात. तिन्ही शेजारी शेजारी ठेवा. तीन वेगळ्या दुकानांनी 'गॅल्वनाइज्ड' हा शब्द एकाच पद्धतीनं चुकवला असेल तर तिन्ही एकाच कॉम्प्युटरवर टाइप झालेली आहेत. याहून पक्कं हत्यार जीएसटी क्रमांक आहे. तो 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. दोन 'वेगळ्या' पुरवठादारांच्या क्रमांकात मधली दहा अक्षरं सारखीच निघाली की स्पर्धा कोणाची कोणाशी झाली ते समजायचं. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की फर्मचं नाव आणि नोंदणीची तारीखही दिसते. बिल मार्चचं आणि नोंदणी जूनची, असली प्रकरणं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहेत.

खरेदीचं ऑडिट मला कामांपेक्षा सोपं वाटतं, कारण तिथं नुसतं मोजायचं असतं. एलईडी दिवे 120 घेतले असतील तर एका संध्याकाळी गावात फिरून खांब मोजा. साठा नोंदवहीत दिव्यांची आवक, वाटप आणि शिल्लक हवी. बिलावर 'साठा नोंदवही पान क्रमांक अमुकवर नोंद घेतली' असा दाखला हवा. तो नसताना बिल निघालं असेल तर तेवढाच मुद्दा पुरतो.

आणि टीसीएल पावडर. पाणी शुद्ध करायची ती पांढरी पावडर गावच्या खर्चात वर्षानुवर्षं लपून राहते, कारण ती विरघळते! पुरावाच उरत नाही. पण गणित उरतं. नेहमीचा हिशोब 1,000 लिटर पाण्याला सुमारे 5 ग्रॅम. गावची टाकी 50,000 लिटरची आणि रोज एकदा भरते असं धरलं तर दिवसाला 250 ग्रॅम, वर्षाला साधारण 91 किलो. 25 किलोच्या चार गोण्या. टाकी दोनदा भरत असेल तर आठ. विहिरीत टाकतात, पावसाळ्यात गटारांवर मारतात, पडून राहिली की पावडरचा जोर कमी होतो, हे सगळं सढळ हातानं धरा आणि पंधरा-वीस गोण्या म्हणा. व्हाउचर जर 60 गोण्यांचं असेल, तर ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारायचं की टाकी किती लिटरची आहे आणि दिवसातून किती वेळा भरते. पुढचा गुणाकार लोक मनातल्या मनात करतात. मी एका गावात हे करणाऱ्या आजीबाईंना पाहिलंय. त्या बचत गटाचं खातं सांभाळायच्या. त्यांनी 'घोटाळा' हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

तुमच्या आधी कोणीतरी हे दप्तर तपासलेलं असतं, तो माणूस म्हणजे आम्ही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून पहिला अर्ज कामाच्या फाइलसाठी करायचा की लेखापरीक्षण अहवालासाठी, असं विचाराल तर मी म्हणेन अहवालासाठी. शेवटच्या झालेल्या लेखापरीक्षणाचा अहवाल आणि ग्रामपंचायतीनं त्यावर दिलेली पूर्तता, एवढंच मागा. अहवालात 'वसूलपात्र', 'आक्षेपाधीन' असे शब्द आणि त्यांच्यापुढं रकमा असतात. 'आक्षेपाधीन' म्हणजे खाल्ले असं नव्हे. कागद दाखवला नाही म्हणून मान्य केलं नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि बऱ्याचदा कागद खरंच सापडतो. 'वसूलपात्र' मात्र कोणाकडून तरी वसूल करायचं असतं. त्या रकमेचं पुढं काय झालं, हा प्रश्न गावात सहसा कोणी विचारत नाही. आमचे अहवाल कपाटात जायचे. आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन 'मागील आक्षेप प्रलंबित' असं लिहायचो. माझ्या नोकरीतली ही गोष्ट मला आजही खुपते.

हा अहवाल खरं तर मागावाही लागू नये. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत पहिली ग्रामसभा घ्यायची आणि तिच्यापुढं मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा कार्यक्रम, शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं ठेवायची, अशी तरतूद आहे. बहुतेक गावांत ही सभा 1 मे रोजी होते. झेंडावंदन, फोटो, चहा, आणि 'सर्व विषय एकमताने मंजूर'. आदल्या आठवड्यात सरपंचांना साधं पत्र द्या: 'ग्रामसभेत लेखापरीक्षण टिपणीचे वाचन व्हावे, हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा.' पोच घ्या. सभेत विषय टाळला तर टाळला असं इतिवृत्तात लिहायला लावा. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग दहा माणसांत कमान मंजूर होते. सह्यांचा कागद मागाहून घरोघर फिरतो, हेही तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्ही पन्नास माणसं नेलीत तर हा खेळ अवघड होतो. महिलांची सभा आधी घ्यायची असते. ती कागदावरच होते का ते घरी विचारा.

वर्षाला किमान चार ग्रामसभा. माझ्या मते त्यातली 2 ऑक्टोबरची सगळ्यात मोलाची, कारण त्या सुमारास पुढच्या वर्षीचा गाव विकास आराखडा आकार घ्यायला लागतो. उधळपट्टी इथंच शिरते. तिथं विचारायचे प्रश्न अगदी घरगुती आहेत. जिम बसवताय, तर तिची देखभाल कोण करणार आणि दरवर्षी किती पैसे लागणार? शुद्ध पाण्याचं आरओ यंत्र घेताय, तर फिल्टर कोण बदलणार, वीजबिल कोणत्या हेडमधून? मागच्या आराखड्यातली किती कामं झाली? मला विचाराल तर मी एक ठराव सुचवेन: गावात जी वस्तू बंद पडली आहे ती आधी चालू करायची, मगच तशी नवी घ्यायची. असे ठराव कोणी उघडपणे नाकारू शकत नाही.

लोकांसमोर बिलं मोठ्यानं वाचण्यात किती ताकद आहे ते राजस्थाननं दाखवलं. मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर 1994 मध्ये कोटकिराना इथं पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपटावरची नावं आणि बिलं गावासमोर वाचायची, आणि ज्याचं नाव आलं त्यानंच सांगायचं की पैसे मिळाले की नाही. माहितीचा कायदा तेव्हा नव्हता, तो देशात 2005 साली आला. तुमच्या हातात कायदा आहे, तेव्हा वाचन तरी करा.

दप्तर बघण्याबाबत आणखी एक. प्रती मागण्याआधी पाहणी मागा. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. राज्य शासनाच्या 2018 च्या परिपत्रकाप्रमाणं दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत जिल्हा परिषदेसारख्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख बघता येतात. एस्टिमेट आणि तांत्रिक मान्यतेच्या प्रती गावात 'सापडत नाहीत' तेव्हा त्या वरच्या कार्यालयात असतात. सोबत एकाला न्या, चौघांना नको. बोलणं सौम्य ठेवा. भाऊसाहेबांकडं, म्हणजे ग्रामसेवकाकडं, दोन-तीन गावांचा भार असतो, आणि माहिती अधिकाराच्या नावाखाली पैसे उकळणारे महाभागही त्यांनी पाहिलेले असतात. तुम्ही त्यातले नाही हे त्यांना पहिल्या भेटीत कळलं तर निम्मं दप्तर ते स्वतःच काढून दाखवतात. का, तर पुष्कळदा सहीसाठी दबाव त्यांच्यावरच असतो.

30 दिवसांत माहिती नाही आली तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, ते पंचायत समितीत. त्याचा निर्णय 30, फार तर 45 दिवसांत. तरीही नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील. तिथं थांबावं लागतं, बरंच. म्हणून एकाच अपिलावर सगळा डाव लावू नका. अपील चालू राहू द्या आणि तोवर दुसरं काम तपासा.

कागद हातात आल्यावर तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडं, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. तक्रारीत मत नको, फरक हवा. 'एमबीनुसार जाडी 15 सेंमी, प्रत्यक्ष पाच ठिकाणी 9 ते 11 सेंमी, फोटो सोबत.' एका पानात. 'भ्रष्टाचाराने कळस गाठला' हे वाक्य लिहिलंत की चौकशी अधिकारी पुढचं वाचत नाही, मी नव्हतो वाचत. गैरवर्तन सिद्ध झालं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली सरपंच किंवा सदस्याला पदावरून काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना आहे, आणि तो मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर वापरला जातो. माझा अनुभव असा की पद जाण्यापेक्षा वसुली निघण्याची भीती जास्त काम करते. तुमच्या अर्जात शेवटची मागणी 'रक्कम निश्चित करून वसूल करावी' अशी असू द्या. 'कठोर कारवाई' फार मोघम आहे.

धोका आहे का? आहे. 2010 साली तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांची हत्या झाली, ते माहिती अधिकारातच काम करत होते. गावच्या रस्त्याला इतकं टोक सहसा येत नाही, पण अर्ज एकट्याच्या नावानं करू नका. तिघांनी तीन अर्ज वेगवेगळे टाका, मिळालेली माहिती लगेच दहा जणांच्या मोबाइलवर जाऊ द्या. कागद एकट्याकडं असतो तोवरच त्याला गाठण्यात कोणाला रस असतो.

पहिला अर्ज असा लिहा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी लागत नाही:

'विषय: ग्रामपंचायतीचा लेखापरीक्षण अहवाल. कालावधी: शेवटचे लेखापरीक्षण पूर्ण झालेले आर्थिक वर्ष. आवश्यक माहिती: 1) सदर वर्षाच्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत. 2) त्यातील आक्षेपांना ग्रामपंचायतीने सादर केलेल्या पूर्ततेची प्रत. 3) वसूलपात्र रकमेपैकी आजअखेर वसूल झालेल्या रकमेच्या पावत्यांची प्रत. माहिती व्यक्तिशः घेईन.'

तिसरा मुद्दा गाळू नका. पावत्या नसतील तर 'निरंक' असं लेखी उत्तर येईल, आणि 1 मेच्या सभेत वाचायला तो कागद पुरे.